आम्हा म्हणणाऱ्या बाई

बाईंच्या मानपत्रात ‘मदतनीस’ हा शब्द घालायला माझा विरोध होता आणि आजही आहे. मदतनीस अंगणवाडीत असते. बाई आमच्या भोरच्या देवळात तीसेक वर्षं होत्या आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं देऊळ त्यांच्याच जिवावर चाललं. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारा गाभारा शोधत बसायचा. आमचं देऊळ कौलारू आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दारापुढे रामफळाचं झाड. रविवारी साठ माणसं जमली तर आम्ही घरी जाऊन ‘आज गर्दी होती’ असं सांगतो.

कागदोपत्री बाईंचं पद ‘सेविका’. पाळक वेगळे. पाळक म्हणजे मंडळीचे दीक्षा घेतलेले धर्मगुरू, आणि एवढ्याशा मंडळीला पूर्णवेळ पाळक परवडत नाही. आमच्या वाट्याला एका पाळकाचा चतकोर यायचा. ते महिन्यातून एका रविवारी यायचे, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचे, कोणाच्या तरी घरी कोंबडीचं जेवण व्हायचं आणि पुण्याची एसटी पकडून जायचे. उरलेले रविवार बाईंचे. उरलेले सोमवार ते शनिवारही बाईंचेच. कोणी सरकारी दवाखान्यात पडलं की बाई, सासूसुनेचं बिनसलं की बाई, कोणी गेलं की खड्डा खणणाऱ्याला निरोप धाडण्यापासून शेवटच्या मूठमातीपर्यंत बाई.

शनिवारी त्या वेल्ह्याला जायच्या. सरकारनं आता त्या तालुक्याचं नाव बदललंय, पण बाई आणि एसटीचे कंडक्टर दोघंही वेल्हेच म्हणतात. तिथं आमच्यातली तीन-चार घरं, एक नर्स, एक मास्तर, एक वनखात्यातला. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी ओसरीवर प्रार्थना व्हायची. आमच्या धर्माशी काडीचा संबंध नसलेल्या शेजारणीही दाराशी येऊन टेकायच्या, कारण बाई बोलायला लागल्या की उठून जाववत नसे.

मी पेटी वाजवायचे. आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि रविवारी देवळात पेटी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. बाईंचा कुठे असायचा ते कोणाला कधी कळलं नाही, तो एकदम बाहेरच यायचा. त्या भोंगवलीच्या शेतकरी घरातल्या, बुटक्या, अंगानं रुंद. उपदेशाला उभ्या राहिल्या की शुद्ध बोलायच्या आणि पायरी उतरल्या की लगेच ‘म्या’ आणि ‘न्हाई’ सुरू. मला मास्तरीण म्हणायच्या. मी गाण्याची चाल ओढत नेते असं त्यांचं म्हणणं, आणि त्या हव्या तेव्हा कडवी गाळतात असं माझं. इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही.

आता त्या एका शब्दाचं सांगते, कारण सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. उपासनेच्या शेवटी आशीर्वाद असतो. पाळक दोन्ही हात वर करतात, प्रभूची कृपा मागतात आणि शेवटी म्हणतात, ‘तुम्हा सर्वांबरोबर असो.’ दीक्षा नसलेल्या माणसानं उपासना चालवली तर त्यानं हात वर करायचे नाहीत. हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘आम्हा सर्वांबरोबर असो.’ फरक एका अक्षराचा. तुम्हा म्हणणारा देतो, आम्हा म्हणणारा सगळ्यांच्या रांगेत उभा राहून मागतो.

बाईंना दीक्षा का नव्हती? त्या तरुण होत्या तेव्हा आमच्याकडे बायकांना देत नसत. पुढे द्यायला लागले तेव्हा पदवी हवी आणि वय अमुकच्या आत हवं, असं निघालं. बाई दहावी शिकलेल्या आणि वय उलटून गेलेलं. म्हणजे आधी बाईमाणूस म्हणून नाही, मग वय झालं म्हणून नाही. मला यात देवाची इच्छा वगैरे काही दिसत नाही. नियम करणाऱ्यांची सोय तेवढी दिसते.

तर इतकी वर्षं बाईंनी हात जोडून ‘आम्हा’ म्हटलं. चुकल्या त्या एकदाच. आदल्या दिवशी वेल्ह्याला नर्सच्या आईला माती देऊन आल्या होत्या, दिवसभर उभ्या होत्या, अंगात ताप होता. रविवारी शेवटी हात जोडलेलेच होते, पण तोंडातून गेलं ‘तुम्हा’. मी पेटीवर होते, मलाही आधी कळलं नाही. मग पुढच्या बाकावरून खाकरणं ऐकू आलं. ते आमच्या कमिटीचे सेक्रेटरी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याचं पाणी कोणी परवानगीशिवाय वळवलं तर जसा चेहरा करत असतील, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांनी वर कळवलं. वरून दोघं जण गाडी करून आले आणि बाईंना देवळाच्या पडवीत बसवून विचारायला लागले. चहा मी दिला, म्हणून सगळं ऐकलं. आपण असं म्हणालात का, असं त्यांनी विचारलं.

“व्हय, म्हटलं म्या,” बाई म्हणाल्या. “तोंडातनं गेलं. आता माघारी आनायचं आसंल तर तसं सांगा. घरोघर फिरून एकेकाकडनं मागून आनते. कुनी दिलं तर.”

एकजण हसला, त्याच्या बशीत चहा सांडला. दुसरा हसला नाही. पुन्हा असं होऊ नये, अशी ताकीद देऊन दोघं गेले.

त्यानंतर दर रविवारी त्या शब्दाच्या आधी बाई किंचित थांबायच्या. श्वास घ्यायच्या आणि मग ‘आम्हा’ म्हणायच्या. त्या थांबण्यात दर वेळी वाटायचं, आज ‘तुम्हा’ म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी दर वेळी शेवटचं गाणं जरा जास्तच जोरात वाजवलं.

गेल्या वर्षी आम्हाला नवे पाळक मिळाले. या वेळी चतकोर नव्हे, अर्धे. तरुण आहेत, सोलापूरकडचे, मनानं चांगले, पण नियमांची वही उशाशी घेऊन झोपणारे. पाठोपाठ बाईंच्या निवृत्तीचंही ठरलं, वय झालंच होतं. निरोपाचा कार्यक्रम कसा करायचा यासाठी उपासनेनंतर कमिटी बसली. शाल द्यायची हे लगेच ठरलं. श्रीफळ द्यायचं का, यावर पाऊण तास गेला. नारळ ही आपली चाल नाही, असं एक मत. नारळ हे झाडाचं फळ आहे आणि झाड देवानं केलंय, असं दुसरं. शेवटी नारळ द्यायचा पण त्याला श्रीफळ म्हणायचं नाही, असा तोडगा निघाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग मी म्हटलं, “त्या दिवशी आशीर्वाद बाईंना देऊ द्या. हात वर करून. तुम्हा म्हणून.”

सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तुमच्या भावना समजू शकतो. पण ते नियमात बसत नाही.”

“बसत नसेल तर उभं करा.”

“ताई,” पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले, “बाईंनी शेवटची प्रार्थना करावी. आशीर्वाद मी देईन. म्हणजे दोन्हींचा मान राहील.”

“आज यांना देऊ दिला तर उद्या कोणीही उभं राहील,” सेक्रेटरी म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “कोणीही म्हणजे कोण? माणूस दाखवा मला. वेल्ह्याच्या एसटीत शनिवारी उभं राहायला कोण तयार आहे, तोही दाखवा.”

कोणी दाखवला नाही. पण ठराव झाला तो त्यांच्याच बाजूनं. मी उठले आणि म्हटलं, “मग पेटी वाजणार नाही.” सेक्रेटरी म्हणाले, हरकत नाही, मोबाईलवर सगळ्या गाण्यांचे ट्रॅक असतात आणि त्यांच्या जावयानं ब्लूटूथचा स्पीकर दिलेला आहे.

पुढच्या रविवारी त्यांनी तो लावला. मी तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसले. आमच्या मंडळीला माझ्या ओढण्याची सवय. ट्रॅकवरचा गवय्या कोणासाठी थांबेना. त्याचं गाणं संपलं तेव्हा आमची माणसं तिसऱ्या कडव्यात होती. दुसऱ्या गाण्याच्या आधी साबणाची जाहिरात लागली आणि ती बंद करता येईना. बाईंनी समोर उभ्या राहून माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर मेलीच असती. मला मात्र फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी दुपारी बाई माझ्या घरी आल्या. मी तांदूळ निवडत होते. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

“पेटी काय तुज्या बापाची हाय का?”

“नाही. पण बोटं माझी आहेत.”

“माज्या नावानं रुसून बसलीस. लोक म्हनत्यात, बाईनंच शिकवलं आसंल.”

“म्हणू देत. बाई, मला एकच सांगा. तुम्हाला नको आहे का ते?”

त्या खाली बसल्या. माझ्यापुढची सुपली ओढून घेतली आणि खडे काढायला लागल्या. मी उठून पाणी आणलं, ते प्यायल्या.

“नको कशाला?” त्या म्हणाल्या. “पायजे. लई पायजे. हात वर करावं आन् म्हनावं, आसं दर ऐतवारी वाटलं. दर ऐतवारी गिळलं. तुला काय वाटलं, मला कळत न्हाई का आम्हा कुठलं आन् तुम्हा कुठलं? माती द्यायला म्या तुम्हा हाय. नवरा पिऊन आला म्हून दारात येऊन बसत्यात, तवा म्या तुम्हा हाय. निस्तं देवळात उभी ऱ्हायली की आम्हा.” त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांना त्याचाही राग आला. “पर मास्तरीण, कमिटीनं ठराव करून दिलेला आशीर्वाद म्या काय देऊ? त्यो कमिटीचाच व्हनार की.”

“मग काय करायचं?”

“काय न्हाई. तू पेटी वाजव. त्या साबनाच्या गान्यावर म्या न्हाई निवृत्त व्हनार.”

त्या गेल्यावर मी रडले. दुःखानं नव्हे. सगळ्यांना सगळं मिळतं, आणि या बाईला एक अक्षर मिळत नाही, या संतापानं रडले. मग उठून पेटीचा भाता पुसून घेतला.

निरोपाच्या रविवारी खरोखर गर्दी होती. भोंगवलीहून बाईंचं माहेर आलं. वेल्ह्याहून टेम्पो भरून माणसं आली. त्यात तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतली एक म्हातारी होती. ती आमच्या धर्माची नव्हे, बाईंची. तिच्या सुनेच्या बाळंतपणात बाई चार रात्री तिच्याकडे राहिल्या होत्या. तिनं पिशवीत नवे तांदूळ आणले होते आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवायला ती तयार नव्हती.

सेक्रेटरींनी मानपत्र वाचलं. ‘मंडळीच्या निष्ठावान मदतनीस’ इथं ते आले तेव्हा माझा हात पेटीवर पडला आणि भसाडा सूर निघाला. चुकून पडला. बरं, चुकून नव्हे. शाल घालून झाली, श्रीफळ नसलेला नारळ दिला, फोटो निघाले. बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या पुढे आल्या आणि त्या जागेवरून पहिल्यांदाच आपल्या घरच्या भाषेत बोलल्या.

“तुमी मला लई सोसलं. म्या तुमाला लई सोसलं. आता फिट्टंफाट झाली.”

लोक हसले, काही जणांनी डोळे पुसले. बाईंनी प्रार्थना केली. मग पाळकसाहेब पुढे झाले, दोन्ही हात उंच केले आणि त्यांच्या स्वच्छ, तरुण आवाजात आशीर्वाद दिला, तुम्हा सर्वांबरोबर असो. बाई खाली मान घालून इतरांसारख्याच उभ्या होत्या. मी शेवटचं गाणं सुरू केलं. मनात म्हटलं, झालं, संपलं, आता घरी जाऊन नारळ फोडा.

आमच्याकडे उपासना सुटली की पाळक दाराशी उभे राहतात. माणसं एकेक करून त्यांचा हात हातात घेतात, सलाम म्हणतात आणि बाहेर पडतात. त्या दिवशी मान म्हणून पाळकसाहेबांनी बाईंना दाराशी उभं राहायला सांगितलं आणि स्वतः कागद आवरत मागे राहिले. रांगेत पहिली ती वाडीतली म्हातारी. तिला सलाम काय ते माहीत नाही. ती पिशवी सांभाळत बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला तिथंच धरलं, डोक्यावर हात ठेवला आणि मला पेटीवर ऐकू आलं एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “देव तुज्यासंगं असू दे.”

तिच्यामागे वेल्ह्याची नर्स होती. तिनं सलामासाठी पुढे केलेला हात मागे घेतला आणि डोकं वाकवलं. “देव तुज्यासंगं असू दे.” मग तिसरी, मग चौथा. रांग अडली. लोकांना कळायला लागलं तशी माना आपोआप खाली जायला लागल्या, बायकांनी पदर सावरले. मी गाणं संपवून पुन्हा पहिल्या कडव्याला आले.

सेक्रेटरी रांगेच्या मध्यावर होते. ते पुढे झाले. “बाई, हे जरा... आशीर्वाद पाळकसाहेबांनी दिलेला आहे.”

“दिला की. सगळ्यांना दिला,” बाई म्हणाल्या. हात एका बाईच्या डोक्यावर होता तो त्यांनी काढला नाही. “म्या कुठं सगळ्यांना देते? म्या एकेकाला देते. एकेकाचा नियम दावा मला.”

सेक्रेटरींनी वळून पाळकसाहेबांकडे पाहिलं. देवळातल्या सगळ्यांनीच पाहिलं. पाळकसाहेब कागद हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी कागद बाकावर ठेवले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सेक्रेटरींची पाळी आली. ते उंच, बाई त्यांच्या छातीला लागणाऱ्या. बाईंनी हात वर धरून ठेवला आणि वाट पाहिली. त्यांनाच वाकावं लागलं. “देव तुज्यासंगं असू दे,” बाई म्हणाल्या. खात्यातल्या साहेबांना अरेतुरे करणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नसेल. ते डोळे मिटून उभे होते, जरा जास्त वेळच. यापुढे त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, असं मात्र नाही.

पाळकसाहेबही वाकले, टाय सावरत. मग मी पेटीचं झाकण लावलं आणि दाराशी गेले, शेवटची. बाईंचा हात माझ्या डोक्यावर आला, जड आणि गरम, आणि माझ्या वाट्याचं मला मिळालं. मी निघायला लागले तर त्यांनी मनगट धरलं. मानेवरची शाल बाजूला सारली आणि डोकं माझ्यापुढे वाकवलं.

“आता तू म्हन.”

“मी? बाई, मी पेटीवाली.”

“आन् म्या कोन व्हते? म्हन. शाल दिली, नारळ दिला. ह्ये मला कुनी दिलं न्हाई.”

मी हात ठेवला. तोंड उघडलं आणि अडकले. रांगेतल्या सगळ्यांना ‘तुज्यासंगं’ मिळालं होतं. पण बाई माझ्याहून मोठ्या. त्यांना मी जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं, आणि देवाचं नाव घेऊन तर करणारच नव्हते. मोठ्या माणसाला ‘तुझ्या’ म्हणता येत नाही. मग आशीर्वादाच्या जुन्या मराठीत एकच शब्द उरतो. बाहेर पायरीवर सेक्रेटरी होते, पाळकसाहेब होते, अख्खी मंडळी जेवणाच्या पंगतीकडे पाठ करून दारात पाहत होती. मी दुसराही हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो तो आवाज लावला.

“बाई, प्रभूची कृपा तुम्हाबरोबर असो.”

बाईंनी डोकं वर केलं नाही.

“आनिक एकदा म्हन,” त्या खालूनच म्हणाल्या. “ह्ये लई घाईत झालं.”

मी आणखी एकदा म्हटलं.